तिसऱ्या दिवसाचं गोमूत्र

शैलजाबाई म्हेत्रे बेचाळीस वर्षं बचनाग हाताळत आल्या होत्या, पण बचनागाचं फूल त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत यायचं ते फक्त मूळ. हिमालयात बारा हजार फुटांवरच्या कुठल्याशा उतारावर ते खणून काढलं जायचं आणि गोणपाटात बांधून, चार गाड्या बदलत, सांगलीजवळच्या औषधशाळेत येऊन पडायचं. बोटाएवढं, काळपट, सुरकुतलेलं. पोथीत त्याला वत्सनाभ म्हणतात, म्हणजे वासराची नाभी. नाव असं गोंडस आणि गुण असा, की थोडंसं कच्चं पोटात गेलं तर धडधाकट पैलवान दिवेलागण बघायला उरत नाही.

हेच मूळ शुद्ध केलं की तापावरचं औषध होतं. त्याची रीत ठरलेली. हरभऱ्याएवढे तुकडे करायचे, मातीच्या भांड्यात ताज्या गोमूत्रात बुडवायचे आणि दिवसभर उन्हात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी जुनं ओतून नवं गोमूत्र घालायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा नवं. मग वाळवायचं, आणि शेवटी जिभेची परीक्षा. त्या वाळल्या मुळाचा कणभर कीस जिभेच्या टोकावर ठेवून शंभर आकडे मोजायचे. जीभ झिणझिणली तर विष अजून जिवंत आहे, गप्प राहिली तर मेलं. औषधशाळेत ही परीक्षा एकट्या शैलजाबाई करत. मालक धुंडिराजशास्त्री, ज्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत, ते स्वतःपेक्षा बाईंच्या जिभेवर जास्त भरवसा ठेवायचे. "माझी जीभ पान-तंबाखूनं बाद झाली," ते म्हणायचे, "हिची देवानं जपून ठेवलीय. आजवर कुणाला टाकून बोललेली नाही ना ती!"

वैद्यबुवा जाऊनही आता बारा वर्षं झाली होती. साल होतं दोन हजार सेहेचाळीस. दुसऱ्या कारखान्यांत मुळं तपासायला यंत्रं आली होती, पण इथं अजून बाईंचीच जीभ चालायची. आणि ज्या जिभेवर सगळ्या पंचक्रोशीचा एवढा विश्वास, तिनं एक गोष्ट एकोणतीस वर्षं कुणालाही सांगितली नव्हती.

म्हेत्र्यांच्या घरात पुरुष फार जगत नसत. दिवसा हिंडते-फिरते असायचे, ताप यायचा, तापात डोळा लागायचा आणि तो पुन्हा उघडायचा नाही. बाईंचे सासरे तसेच गेले, चुलतसासरे तसेच. बाईंचा नवरा दिगंबर एकतिसाव्या वर्षी तसाच गेला, तेव्हा मुलगा ओजस चार वर्षांचा होता. त्यामुळे त्या घरात एक रीत पडून गेली होती. पुरुषाला ताप आला की त्याला झोपू द्यायचं नाही. चेहऱ्यावर पाणी मारायचं, पत्ते खेळायला बसवायचं, भांडण उकरून काढायचं, काही करायचं, पण ताप उतरेपर्यंत जागं ठेवायचं. शेजारचे हसायचे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ओजस आता तेहेतीस वर्षांचा झाला होता. तासगावच्या द्राक्षबागांवर फवारणीची ड्रोन उडवायचा, हात मोठा सफाईचा. लग्न केलं नव्हतं. "कुणाच्या तरी पोरीला कशाला जागत बसवू?" एवढंच म्हणायचा आणि विषय संपवायचा. डॉक्टरांनी त्याच्या छातीत यंत्र बसवलं होतं, हृदय अडखळलं की झटका देणारं. गेल्या वर्षीच्या तापात त्या यंत्रानं त्याला सतरा झटके दिले. तो वाचला, पण हृदयाच्या भिंतीवर वळ उठले. असा आणखी एक ताप हे हृदय सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. इतरांना जी गोळी चालते तीही त्याला मानवली नव्हती. पुढच्या तापापर्यंत काही सापडलं तर ठीक, एवढीच मुदत होती, आणि ताप काही तारीख सांगून येत नाही.

म्हणून ती दोघं मिरजेला डॉ. शिरीन मुजावर यांच्या प्रयोगशाळेत गेली.

शिरीन चाळिशीची, मिरजेतच वाढलेली, बोलायला मोकळी. तिनं बाईंना एका काचेच्या बशीसमोर बसवलं आणि भिंग त्यांच्या डोळ्यांसमोर ओढलं.

"बघा मावशी. काय दिसतंय?"

बशीत गुलाबी पाण्यात मोहरीएवढा एक कण होता. आधी बाईंना काही कळेना. मग तो कण हलला. आक्रसला, सैलावला. पुन्हा आक्रसला. कुणी हात लावत नव्हतं, खाली यंत्र नव्हतं, तारा नव्हत्या. तो आपला आपण चालला होता.

"हे काय आहे?"

"ओजसचं हृदय," शिरीन म्हणाली.

गेल्या महिन्यात ओजसच्या दंडातून चमचाभर रक्त घेतलं होतं. त्यातल्या पेशींना शिरीननं उलट्या पावली चालवत नेलं होतं, पार आईच्या पोटात गर्भ रुजतो त्या पहिल्या दिवसांच्या अवस्थेपर्यंत. तिथं पेशीला अजून काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. तिथून, पेशींना समजणाऱ्या रसायनांच्या भाषेत, तिनं त्यांना सांगितलं, आता हृदय व्हा. चौदाव्या दिवशी त्यांनी पहिला ठोका दिला. प्रयोगशाळेतले सगळे या कणांना मोहरीच म्हणत. ज्याची मोहरी, त्याच्या हृदयाचे सगळे गुणदोष तिच्यात हुबेहूब उतरत. औषध माणसाला देण्याआधी मोहरीला देऊन बघता यायचं.

शैलजाबाई भिंगावरून डोळा काढेनात. हाच ठोका त्यांनी तेहेतीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पोटात ऐकला होता. आज तो काचेतून पाहत होत्या. त्यांनी नकळत हात जोडले, आणि कुणी हसेल म्हणून झटकन मांडीवर ठेवले. कुणी हसलं नाही. ओजसही शेजारी उभा राहून गपचूप तिकडेच पाहत होता.

"आता जरा वाईट वाटेल," शिरीन म्हणाली आणि तिनं बशीखालची उष्णता वाढवली. सदतीस अंश, अडतीस, एकोणचाळीस. मोहरी घाई करू लागली, मग अडखळली, जागच्या जागी थरथरली आणि थांबली.

"अहो थांबवा!" बाई ओरडल्या.

"मावशी, हा ओजस नाही. तो हा इथं उभा आहे. अशा नव्वद मोहऱ्या आहेत आमच्याकडे."

"माझ्याकडे एकच आहे," बाई म्हणाल्या.

शिरीन खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसली. हृदयाच्या प्रत्येक पेशीला बारीक बारीक दारं असतात, तिनं सांगितलं. मिठात जे सोडियम असतं ते या दारांतून आत घुसतं आणि ठोका पडतो. मग दारं मिटतात आणि पुढच्या ठोक्याची तयारी होते. म्हेत्र्यांच्या रक्तात एक जुना दोष होता. त्यांची निम्मी दारं घडलेलीच नव्हती, आणि होती ती वेळेआधी मिटायची. एरवी कसंबसं निभायचं. तापात ती आणखी घाईनं मिटायची, झोपेत ठोका मंदावला की उरलासुरला जोरही जायचा, आणि हृदय थांबायचं.

"तुमचा बचनाग काय करतो ठाऊक आहे? तो नेमका याच दारांत पाय घालतो. दार मिटूच देत नाही. चांगल्या हृदयाचा त्यानं पार गोंधळ उडतो. माणूस मरतो तो त्यामुळं."

बाईंनी आयुष्यभर त्या मुळाला मारलं होतं, पण ते माणसाला कसं मारतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. "मग ज्याची दारं लवकर मिटतात, त्याला?"

शिरीन हसली. "उगीच नाही तुम्हाला मानत लोक! मलाही तेच सुचलं. कच्चा बचनाग दिला, मोहरी दोन मिनिटांत मेली. तुमच्या औषधशाळेतला शुद्ध केलेला दिला, काहीच झालं नाही. तापात मेली ती मेलीच. पण मावशी, मला दुसरंच कोडं पडलंय. तुमच्या दिरांची मोहरीही आम्ही बनवली. तोच दोष, तसाच्या तसा. मग ते कसे जिवंत आहेत?"

दीर, श्रीपती म्हेत्रे, मागाहून येऊन दाराशीच बाकावर बसले होते. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वय छप्पन्न, म्हणजे म्हेत्र्यांच्या कुळात पन्नाशी पाहिलेला पहिला पुरुष, आणि याचा त्यांना कोण अभिमान! आपलं नाव निघालं म्हटल्यावर ते उठून आत आले.

"काय सांगू डॉक्टर, अकरा ताप काढलेत मी. झोपून काढलेत. सगळी आमच्या वहिनीच्या हातच्या गोळीची पुण्याई." आणि त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी चार गोळ्या होत्या. "एवढ्याच राह्यल्यात. जपून जपून वापरल्या. ओजससाठी काढून ठेवलेल्या, पण आधी तुमाला इचारावं म्हटलं."

बाटलीवरची चिठ्ठी पाहिली आणि शैलजाबाईंची पाचावर धारण बसली. अक्षर त्यांचंच होतं.

"भाऊजी, ही बाटली ओढ्यात पडली म्हणाला होतात ना?"

"न्हाई पडली, वहिनी. खोटं बोललो. तुम्ही काढून घ्यायला आलाता, आन् मला द्यायची नव्हती."

शिरीननं चिठ्ठी वाचली. तापावरची गोळी, दोन हजार सतरा, तीन दिवस शुद्ध केलेली. "हीही तीन दिवसांची? मग तुमच्या आताच्या गोळीत आणि हिच्यात फरक काय? यंत्र सांगेल हिच्यात काय आहे ते, पण ते आणायचं कसं हे नाही सांगणार. काही वेगळं केलं होतं का, मावशी?"

"वेगळं काय करणार?" ओजस म्हणाला. "आईच्या हातून तसूभर इकडचं तिकडे होत नाही. तिची जीभ आजवर चुकलेली नाही, डॉक्टर. कुणालाही विचारा."

त्या बोलण्यानं बाईंना फार लागलं. मान हलवून गप्प बसता आलं असतं. वैद्यबुवांचं नाव राहिलं असतं, आपलंही राहिलं असतं, आणि पोराच्या डोळ्यांतला तो भाबडा अभिमानही. पोर मात्र राहिलं नसतं.

"एक गोळी द्या इकडे," त्या म्हणाल्या.

त्यांनी नखानं गोळीचा कणभर कीस काढला, जिभेच्या टोकावर ठेवला आणि डोळे मिटून मोजायला लागल्या. तिसापर्यंत काही नाही. चाळिसाच्या सुमारास जिभेच्या शेंड्यावर बारीक झिणझिण्या आल्या आणि कडेकडेनं पसरत गेल्या. तंतोतंत तशाच. एकोणतीस वर्षं बाटलीत पडून राहूनही ते मूळ आपलं बोलणं विसरलं नव्हतं.

त्यांनी चूळ भरली आणि सांगायला सुरुवात केली.

दिगंबर गेल्यावर घरात नुसते दिवस मोजणं चाललं होतं. दहावा, बारावा, तेरावा. पंधराव्या दिवशी त्या कामावर आल्या, कारण चार वर्षांचं पोर घरी होतं आणि चूल पेटायला हवी होती. आल्या आल्या त्यांनी बचनाग भिजत घातला. पण डोक्यातलं दिवसांचं गणित पार विस्कटलं होतं. मोजायची इतकी सवय लागली होती, की एक दिवस जास्तीचा मोजला गेला. दोनच दिवस झाले होते, आणि तीन झाले असं समजून त्यांनी तुकडे उपसून वाळत टाकले. मग परीक्षा घेतली. जीभ झिणझिणली.

"झिणझिणली?" ओजसनं विचारलं.

"झिणझिणली. पण तुझे बाबा गेल्यापासून माझे हातपाय, ओठ, सगळंच झिणझिणत होतं रे. तोंडाला चव नव्हती. मला वाटलं, हे आपलंच आहे, मुळाचं नाही. मी वहीत लिहिलं, तीन दिवस, शुद्ध. वैद्यबुवांनी न बघता सही केली. मी लिहिलं म्हटल्यावर ते कशाला बघतील?"

आठव्या दिवशी गोठ्यातला दत्तू गवळी भेटला आणि सहज म्हणाला, बाई, त्या खेपेला तिसऱ्या दिवसाचं गोमूत्र न्यायला कुणी आलंच नाही की. तेव्हा बाईंना आपली चूक कळली. अकरा बाटल्या भरल्या होत्या. दहा कपाटातच होत्या, त्या त्यांनी शेतात खड्डा करून पुरल्या. अकरावी श्रीपतींनी नेली होती. बाई अनवाणी धावत गेल्या, तर ते तापानं फणफणलेले, दोन गोळ्या घेऊन अंगणात चहा पीत बसलेले. त्या संध्याकाळपर्यंत त्यांची नाडी धरून बसल्या. नाडी सरळ चालत राहिली. देव तारी त्याला कोण मारी, असं म्हणून त्या घरी परतल्या, आणि त्यानंतर हे कुणापाशी बोलल्या नाहीत.

"काका मेले असते तर?" ओजसनं विचारलं.

"तर मी मारलं असतं."

ओजस उठून बाहेर निघून गेला. श्रीपती बाटलीकडे बघत राहिले. "मला वाटलेलं, तुम्ही माझ्यासाठी खास केलीय," ते हळूच म्हणाले.

पण शिरीनचं लक्षच नव्हतं. तिचे डोळे चमकत होते. "दोन दिवस, मावशी? नक्की दोन?" तिनं कागद ओढला आणि भराभर आकृती काढली. बचनागाच्या विषाचा एक रेणू म्हणजे मधे एक गाठ आणि तिला लोंबणाऱ्या दोन शेपट्या. दोन्ही असल्या की तो दारात घट्ट रुतून बसतो, आणि माणूस मरतो. गोमूत्रात आणि उन्हात आधी एक शेपटी गळते, मग दुसरी. दोन्ही गळल्या की रेणू निरुपद्रवी होतो. तेच तुमचं तीन दिवसांचं औषध. "पण एक गळलेली आणि एक शिल्लक, असा रेणू काय करतो? दार अडवत नाही. मिटू देतो, फक्त जरा उशिरा. निरोगी माणसाला त्याची गरज नाही, उलट धोकाच आहे, म्हणून तुमच्या लोकांनी तिथं थांबायचं नाही असं ठरवलं. हजार वर्षं कुणी थांबलंच नाही त्या मुक्कामावर! तुम्ही एकट्या थांबलात."

"थांबले नाही हो," बाई म्हणाल्या. "चुकले."

उरलेल्यांतल्या दोन गोळ्या यंत्रात गेल्या आणि शिरीनचा अंदाज खरा निघाला. तिसऱ्या गोळीचा अंश तिनं ओजसच्या मोहरीला दिला. एकोणचाळीस अंशांवर मोहरी अडखळली, सावरली आणि चालत राहिली. चाळीस अंशांवरही चालत राहिली.

आता नवी गोळी करायची होती, आणि मूळ म्हणजे काही कारखान्यातला खिळा नव्हे. एक मूळ लवकर मरतं, एक चिवट निघतं. म्हणून ठरलं असं, की मूळ भिजत घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून तासातासाला भांड्यातला एकेक तुकडा मिरजेला पाठवायचा आणि मोहरीवर बघायचा. ज्या तासाला मोहरी तापातही सरळ चालेल, त्या तासाला थांबायचं.

भिजवण्याच्या त्या दुसऱ्या दिवशी बाई औषधशाळेच्या गच्चीवर भांड्यापाशी बसल्या होत्या. ओजस तीन दिवस आईशी बोलला नव्हता. तो आला, कठड्यावर ड्रोन ठेवला, डबीत तुकडा घातला आणि मिरजेकडे उडवला. दर तासाला तेच. दोघांमध्ये ते भांडं, आणि वर रणरणतं ऊन. बाईंच्या मनात एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता आणि त्या तो ढकलून लावत होत्या. दिगंबरला ताप आला तेव्हा त्यांनी त्यालाही आपल्या हातची गोळी दिली होती. कोणती, ते त्यांना पक्कं आठवत होतं.

दुपारी तीनच्या खेपेनंतर ओजस त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"मी वही पाहिली, आई. सतरा सालची. तीन दिवस, शुद्ध, तुझी सही."

"हो."

"मी विचार करत होतो. जिभेनं तुला बरोबर सांगितलं होतं. चाळिसाला झिणझिणली, तेव्हाही आणि परवाही." तो भांड्याकडे बघत बोलत होता. "जीभ चुकली नव्हती. तू तिचं ऐकलं नाहीस एवढंच."

बाईंना रडू फुटलं. पोरानं पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. चार वाजता शिरीनचा फोन आला. "मावशी, थांबा! हाच तास. चाळीस अंशांवर धावतेय पोरगी!" बाईंनी गडबडीनं तुकडे उपसले, पण आधी एक कण जिभेवर ठेवायला विसरल्या नाहीत. चाळिसाला झिणझिण्या आल्या. त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून नेमानं ताज्या गोमूत्राचं भांडं आलं. कुणालाच नको म्हणून सांगायचं सुचलं नव्हतं. बाई त्या भांड्यासमोर उभ्या राहिल्या. बेचाळीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढे जात होता. त्यांनी पदर खोचला, भांडं उचललं आणि परसातल्या लिंबाच्या बुंध्याशी रितं केलं. मग वही काढून सतरा सालच्या त्या नोंदीवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, दोनच दिवस. शै. म्हेत्रे.

एका रुग्णापुरती सरकारी परवानगी यायला तीन आठवडे लागले. ती आली आणि चौथ्या दिवशी ओजसला ताप भरला. सकाळी शंभर, अकरा वाजता एकशे दोन. शिरीन यंत्रं घेऊन म्हेत्र्यांच्याच घरी आली, कारण ओजस म्हणाला होता, काय व्हायचं ते घरी होऊ दे. छातीतल्या यंत्राचे ठोके एका पडद्यावर दिसत होते. शेजारच्या पडद्यावर मिरजेतली मोहरी दिसत होती, तेवढ्याच तापात ठेवलेली. बाईंनी स्वतःच्या हातानं गोळी दिली.

आणि श्रीपती क्लॅरिनेट घेऊन आले होते. रीत म्हणजे रीत.

एक वाजेपर्यंत पत्ते झाले. दीड वाजता ओजसचे डोळे मिटायला लागले, तसे श्रीपतींनी क्लॅरिनेट तोंडाला लावून वरातीतली एक फर्मास चाल अशी फुंकली, की शिरीन खुर्चीतून उडाली. ओजस हसला आणि जागा झाला. थोड्या वेळानं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा वरात निघाली. ताप आता एकशे तीनवर होता. दोन्ही पडद्यांवरचे ठोके एकामागून एक सरळ येत होते.

अडीच वाजता ओजस म्हणाला, "आई, फार झोप येतेय गं."

श्रीपतींनी क्लॅरिनेट उचललं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, शिरीनकडे पाहिलं. शिरीननं काही सांगितलं नाही. हे तिनं सांगायचं नव्हतंच. बाईंनी पुढे होऊन दिरांच्या हातातलं वाद्य हलकेच खाली केलं.

"नको, भाऊजी. झोपू दे त्याला."

"वहिनी..."

"झोप, बाळा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

म्हेत्र्यांचा पुरुष तापात झोपला होता आणि म्हेत्र्यांची बाई त्याला जागवत नव्हती. त्या खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. झोपेत ठोका मंदावला, तशा त्या पडद्याकडे सरकल्या. पण ठोका येत होता. उशिरानं मिटणाऱ्या त्या इवल्याशा दारांतून, एकामागून एक, येत होता. कुठल्या डोंगरावरचं ते मूळ, कुठल्या गाईचं मूत्र, कुठल्या बाईचं विस्कटलेलं गणित, आणि हे सगळं येऊन या पोराच्या छातीत उभं राहिलं होतं. बाईंना देवाचं नाव घ्यायचं होतं, पण कोणत्या देवाचं घ्यावं ते सुचेना.

सहा वाजता ओजसला दरदरून घाम फुटला. साडेसहाला त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "चहा झाला का?"

श्रीपती बाहेर अंगणात जाऊन लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

पुढच्या भाद्रपदात ओजस आईला घेऊन हिमालयात गेला. आता तो रोज सकाळी अर्धी गोळी घ्यायचा, आणि शिरीनच्या वहीत देशभरातल्या अशा साठ घराण्यांची नावं झाली होती. शेवटचे दोन कोस चालायचे होते. बाई दर वळणावर पोराच्या छातीकडे बघायच्या आणि तो म्हणायचा, "माझी नको, स्वतःची धाप बघ."

चढ संपला आणि पुढचा सगळा उतार निळा होता. कमरेएवढी रोपं, त्यांना टोपडं घातल्यासारखी निळी-जांभळी फुलं, आणि वर बर्फाचे डोंगर. मेंढपाळ आपल्या मेंढ्या त्या उतारापासून लांबून हाकत होते. पण जाडजूड केसाळ भुंगे त्या विषारी टोपड्यांत बिनधास्त शिरत होते आणि पायांना पराग माखून बाहेर येत होते.

बेचाळीस वर्षं ज्याचं मेलेलं मूळ हाताळलं ते हे असं दिसतं, हे बाईंना खरं वाटेना. त्या खाली बसल्या आणि एका फुलाला बोट न लावता नुसतं पाहत राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"आई," ओजसनं शेवटी विचारलं. वर्षभर त्यानं हे विचारलं नव्हतं. "बाबांना कुठली दिली होतीस?"

बाईंनी फुलावरची नजर काढली नाही.

"तीन दिवसांची. बिनचूक. तिसऱ्या दिवशी मी स्वतः गोमूत्र बदललं होतं, स्वतः जीभ लावली होती. शंभरपर्यंत मोजलं. काही म्हणजे काही झिणझिणलं नाही. दोन आठवडे आधी चुकले असते, तर ते आज इथं असते."

वारा आला आणि सगळा उतार एकदम हलला. ओजस आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. सकाळपासून चढाच्या नादात गोळी राहिली होती. बाईंनी ती कमरेच्या पिशवीत जपून आणली होती.

त्यानं लहानपणी करायचा तसा आ वासला.

"चुकलेली दे," तो म्हणाला.

बाईंनी डोळे पुसले, पिशवीची गाठ सोडली आणि गोळी त्याच्या जिभेवर ठेवली.